चौदा तासांचा दिवस

घड्याळजींना कोंबड्या आवडत नाहीत हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, आणि कोंबड्यांनाही ठाऊक होतं. ते परसात उतरले की सातही जणी कुंपणाच्या पार त्या टोकाला जाऊन उभ्या राहायच्या. घड्याळजींचं म्हणणं सरळ होतं. ज्याला वेळेचं भान नाही त्याच्याशी आपलं जमायचं नाही. आज सकाळी सातला अंडं, उद्या साडेआठला, परवा थेट अकराला आणि तेरवा चक्क सुट्टी. असं चालणारं घड्याळ कुणी दुरुस्तीला आणलं असतं, तर त्यांनी ते हातात न घेताच परत केलं असतं.

कोंबड्या होत्या ताईच्या. ताई म्हणजे घड्याळजींची थोरली बहीण, त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होती. नवरा गेल्यावर, बारा वर्षांपूर्वी, दोन बॅगा घेऊन चार दिवसांसाठी म्हणून भावाकडे आली. भावाचं लग्नबिग्न काही झालेलं नव्हतं. पुढच्या खोलीत दुकान, मधल्या खोलीत पलंग, मागे स्वयंपाकघर, मागचं दार उघडलं की तीन पायऱ्या आणि परस, एवढा त्यांचा संसार. ताईनं पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, दुसऱ्या आठवड्यात परसातली रद्दी बाहेर काढली, आणि महिन्याच्या आत पुठ्ठ्याच्या खोक्यातून पिल्लं आली. मग जायचा विषय कुणी काढला नाही. सहासष्ट वर्षांच्या त्या माणसाला ती गिऱ्हाइकांसमोरसुद्धा ‘बाळ’ म्हणायची. पहिली दोन वर्षं त्यांना याचा फार राग आला. मग रागही कंटाळला.

कोंबड्यांत सगळ्यांत थोरली होती मास्तरीण. राखाडी अंग, गळ्याशी पांढरा पट्टा, वय नऊ वर्षं, म्हणजे कोंबडीच्या मानानं चांगलीच म्हातारी. चालता चालता एक पाय वर उचलून थांबायची आणि बाकीच्यांकडे असं बघायची की कुणाचा गृहपाठ राहिलाय ते तिला बरोबर कळलंय. अंडं देणं तिनं जवळपास सोडलंच होतं. पण ताईचा जीव तिच्यावर. दुपारी ताई पायरीवर बसली की ती येऊन ताईच्या पावलावर बसायची, आणि मग ताईला तासभर उठता यायचं नाही. तिला उठायचंही नसायचं.

गेल्या उन्हाळ्यात ताईच्या गुडघ्यांनी हात टेकले. तीन पायऱ्या उतरायला तिला दहा मिनिटं लागायला लागली. तिची मुलगी, म्हणजे घड्याळजींची भाची, दुसऱ्या गावी राहायची. ती गाडी घेऊन आली. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं तिथल्याच दवाखान्यात करायची ठरली. भाचीनं खालची खोली तयार केली होती, न्हाणीघरात धरायला दांडे लावून घेतले होते, आणि तिच्या बोलण्यातून साफ दिसत होतं की गुडघे हे निमित्त आहे. आईनं आता कायमचं आपल्याकडे राहावं असं तिला वाटत होतं. ती तसं बोललीही. त्यावर ताई गाडीत बसता बसता म्हणाली, “मास्तरीण आहे तोवर मला परत यावंच लागेल. ती दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही.”

घड्याळजी गाडीच्या दाराशी उभे होते. त्यांनी काय बोलावं? ते म्हणाले, “सावकाश ये. माझं माझं होईल.” आता या माणसाला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. घड्याळजी दुकानात येऊन बसले, भिंग डोळ्याला लावलं आणि अर्धा तास एकाच स्क्रूकडे बघत राहिले. त्यांच्या डोक्यात एकच हिशेब पक्का झाला होता. मास्तरीण आहे, तर ताई येईल. मास्तरीण नाही, तर ताईला इकडे यायचं कारण नाही.

पहिले तीन दिवस मास्तरिणीनं त्यांच्या हातचं खरंच खाल्लं नाही. घड्याळजी सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच अशा तीन वेळा कणी घेऊन पायरीवर बसायचे. बाकीच्या सहाजणी लाज सोडून तुटून पडायच्या. मास्तरीण लांबून एक पाय वर करून बघत राहायची. चौथ्या दिवशी पाचच्या वेळेला ती आली, त्यांच्या तळहातावरचा एक दाणा टिपला, दुसरा टिपला, आणि मग त्यांच्या अंगठ्यालाही एक चोच मारून बघितली. घड्याळजींनी कुणाला सांगितलं नाही, पण त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःसाठी शिरा करून खाल्ला.

उन्हाळा असा तापला की कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकायला लागल्या, पंख अंगापासून दूर धरून. घड्याळजींची पाचावर धारण बसली. एकाच वेळी सातही मरतायत असं समजून ते दुकान उघडं टाकून कंपाउंडरांकडे धावले. कंपाउंडर दोन घरं सोडून राहायचे. जनावरांच्या दवाखान्यात त्यांचा जन्म गेला होता, त्यामुळे माणसांशीही ते बैलाशी बोलल्यासारखे मोठ्यानं आणि थोडक्यात बोलायचे. त्यांनी सांगितलं, मरत नाहीत, त्यांना घाम येत नाही म्हणून धापा टाकतात. पाणी सावलीत ठेवा, वरचेवर बदला, खुराड्याच्या पत्र्यावर ओलं पोतं टाका. झालं. घड्याळजींनी अकरा, एक आणि तीन अशा वेळा ठरवल्या. दुकानाच्या दारावर ‘पाच मिनिटांत येतो’ अशी पाटी लागली, आणि गिऱ्हाइकं ती पाटी वाचून पंधरा मिनिटं उभी राहू लागली.

ताईचा फोन रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी यायचा. ती विचारणार, जेवलास का? हे म्हणणार, हो. कोंबड्या? बऱ्या आहेत. मास्तरीण? आहे. मग ताई तिकडचं सगळं सांगायची, आणि घड्याळजी ऐकायचे. चार शब्दांच्या वर पाचवा बोलायची त्यांना सवयच नव्हती. एक गुडघा झाला. दुसरा महिन्याभरात करायचा होता, पण ताईची साखर वाढली आणि डॉक्टरांनी तो पुढे ढकलला. तीन महिन्यांत परतायचं ठरलं होतं, त्याचे सहाच्याही वर होणार हे तेव्हाच कळून चुकलं.

पावसाळ्यानं तर घड्याळजींच्या नाकी नऊ आणले. परसाचा चिखल झाला, खुराड्यातला भुसा ओला होऊन वास मारायला लागला. त्यांनी तो रोज बदलला, खाली फळ्या ठोकून जमीन उचलून घेतली. मग एक दिवस ठमी नावाची कोंबडी दिवसभर मान खाजवताना दिसली. कंपाउंडर म्हणाले, दांडीच्या भेगा बघा, बारीक लाल किडे असतील. घड्याळजींनी ज्या दांडीवर कोंबड्या बसतात ती काढून आणली, दुकानातल्या टेबलावर आडवी ठेवली, डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळाला तेल द्यायच्या ब्रशानं एकेक भेग साफ करत बसले. दोन दिवस गेले. गिऱ्हाइकांची मनगटी घड्याळं एका डब्यात वाट बघत राहिली. कंपाउंडरांनी हे बघितलं आणि इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. दांडी राखेनं घासून उन्हात टाकली असती तरी चाललं असतं म्हणे. पण किडे गेले ते गेलेच.

एव्हाना कोंबड्या कुंपणाच्या टोकाला पळेनाशा झाल्या होत्या. मागच्या दाराची कडी वाजली की सातही पायरीशी हजर. आणि मास्तरीण दुपारी घड्याळजींच्या पावलावर येऊन बसायला लागली. पहिल्यांदा बसली तेव्हा त्यांना वाटलं, चुकून. दुसऱ्या दिवशीही बसली. तिसऱ्या दिवशी ते ‘पाच मिनिटांत येतो’ची पाटी लावून आले आणि पाऊण तास हलले नाहीत. तिच्या पोटाची ऊब चपलेच्या पट्ट्यातून लागत होती. या प्राण्याचं वेळेशी वाकडं असलं तरी माणसाशी नाही, एवढं त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं.

पावसाळा संपला आणि एका सकाळी परसभर पिसंच पिसं. मांजर शिरलं असं समजून घड्याळजींनी कोंबड्या मोजल्या, सात भरल्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा सात. त्या पिसं टाकत होत्या एवढंच, वर्षाची जुनी टाकून नवी घ्यायला. मास्तरिणीचे सगळ्यांत जास्त हाल. तिची मान निम्मी उघडी पडली, पाठीवर नवी पिसं खुंटासारखी टोचून वर आली, आणि हात लावला की ती कळवळायची. अंडी घटत घटत चारावर आली, दोनावर आली आणि थंडी पडायला लागली तशी साफ बंद झाली. ताई फोनवर म्हणाली, दिवस लहान झाले रे, पिसं भरू दे त्यांची, मग देतील. विषय तिथे संपायला हवा होता.

पण ताईचा दुसरा गुडघा आता जवळ आला होता, आणि तिचा आवाज उतरला होता. मधेच एकदा ती म्हणाली, खालची खोली तशी बरी आहे, ऊन चांगलं येतं. त्या वाक्यानं घड्याळजींची झोप उडवली. त्यांना वाटायला लागलं की आपण काहीतरी सांगितलं पाहिजे, इकडे सगळं सुरळीत चाललंय, अंडी येतायत, घर जागच्या जागी आहे, तू फक्त ये. ‘तू फक्त ये’ एवढंच म्हणायचं सुचलं नाही त्यांना. ते अंड्यांच्या मागे लागले.

कंपाउंडरांनी सांगितलं, कोंबडीला चौदा तास उजेड लागतो. थंडीत तेवढा मिळत नाही म्हणून ती थांबते. खुराड्यात बारका दिवा लावा, पण पहाटे लावा. घड्याळजींचे डोळे चमकले. हे त्यांच्या प्रांतातलं होतं. सूर्य किती वाजता उगवतो, किती वाजता मावळतो, कमी किती पडतं, सगळं कागदावर मांडलं. एका जुन्या गजराच्या घड्याळाचं यंत्र उघडून त्यांनी त्यावर असा खटका बसवला की ठरलेल्या मिनिटाला दिवा लागेल आणि ठरलेल्या मिनिटाला विझेल. फक्त पहाटेचं त्यांना पटलं नाही. पहाटे दिवा लागला की कोंबड्या कलकलाट करणार, शेजारी उठणार, बोलणी कोण खाणार? त्यापेक्षा संध्याकाळी लावू. तास पुढे जोडले काय आणि मागे जोडले काय, चौदा म्हणजे चौदा. जन्मभर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला दुसरं काय वाटणार?

दिवा मावळतीला लागायचा आणि बरोबर नऊ वाजता खटकन विझायचा. एका सेकंदाचाही फरक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खुराडं उघडलं तर कोंबड्या दांडीवर नव्हत्या, खाली जमिनीवर होत्या. तिसऱ्या दिवशीही तेच. घड्याळजींना वाटलं, आपल्या आधी उठून खाली उतरून बसल्यात, वक्तशीर झाल्या. ते त्यांना शाबासही म्हणाले. पाचव्या दिवशी मास्तरिणीचा श्वास घरघरायला लागला. पाण्याचं भांडं लवंडून तिच्याकडचा भुसा ओला झाला होता आणि ती त्या ओल्यात बसली होती, निम्म्या उघड्या अंगानं. घड्याळजींनी तिला स्वयंपाकघरात आणलं, टोपलीत जुना स्वेटर घातला, कोमट पाणी चमच्यानं पाजलं. कंपाउंडरांनी औषध दिलं. तिनं दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते चहाचं आधण ठेवायला आले तेव्हा ती टोपलीत तशीच होती, मान पंखाखाली घातलेली, आणि अंग गार पडलेलं.

कंपाउंडर खुराड्यात वाकून बघून आले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. संध्याकाळ हळूहळू होते ना, तेवढ्यात त्या वर चढतात. तुमचा दिवा एकदम जातो. अंधारात कोंबडीला काही दिसत नाही, जिथे असेल तिथेच बसून राहते. बाकीच्या एकमेकींना चिकटून निभावल्या. हिच्या अंगावर पिसंच नव्हती.

घड्याळजींनी भिंतीच्या कडेला खड्डा खणला. दुकानात वापरायचा स्वच्छ ॲप्रन होता, त्यात तिला गुंडाळलं. हातात घेतल्यावर ती इतकी हलकी लागली की त्यांना रडू आवरलं नाही, आणि त्यांनी ते आवरायला बघितलंही नाही. मग त्यांनी खटक्याचं यंत्र काढलं, तारा गुंडाळल्या आणि सगळं कपाटाच्या वरच्या फळीवर, मागे, हात पोचणार नाही असं ढकलून दिलं.

एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. ऑपरेशन आठ दिवसांवर होतं. ताईनं विचारलं, मास्तरीण काय म्हणते? घड्याळजी म्हणाले, “आहे. फिरतेय.”

आता एकदा थाप मारली की दुसरी मारावीच लागते. दुसऱ्या दिवशी मास्तरिणीनं भरपूर दाणे खाल्ले. तिसऱ्या दिवशी तिला नवी पिसं आली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तर ती ठमीशी भांडली. घड्याळजींना वाटायचं, आपण गप्प बसलो तर ताईला संशय येईल, म्हणून ते बोलायचे, आणि बोलायला लागल्यावर त्यांना थांबता यायचं नाही. मास्तरीण आज कुंडीत चढली, मास्तरिणीनं घारीला बघून सगळ्यांना आत नेलं, मास्तरीण पावलावर बसली ती उठेचना. हे शेवटचं खरं होतं, फक्त जुनं होतं. ते सांगताना त्यांचा आवाज जड व्हायचा. पलीकडे ताई नुसतं हूं हूं करायची. फोन ठेवल्यावर घड्याळजी परसात जाऊन बसायचे आणि सहा कोंबड्यांच्या तोंडाकडे बघायची त्यांना लाज वाटायची.

दिवस मोठे झाले. कुठल्याही दिव्याशिवाय, कुठल्याही यंत्राशिवाय, एका सकाळी ठमीनं अंडं दिलं. आठवड्यात चार जणी द्यायला लागल्या. भुरी म्हणून एक होती ती खुडूक बसली, म्हणजे पिल्लं काढायच्या हट्टानं रिकाम्या जागेवरसुद्धा अंग फुगवून बसून राहिली आणि कुणी हात लावला की चोच मारायला लागली. हे सगळं खरंखुरं सांगण्यासारखं होतं. घड्याळजी ते सांगायचे आणि त्यात मास्तरिणीला घालायचे.

आणि मग एका सकाळी भलत्याच वेळी, साडेदहाला, फोन आला. भाची होती, आणि चिडलेली होती. तिनं मामांना सरळ विचारलं की तुम्हाला काय झालंय. घड्याळजींना काही कळेना. भाची म्हणाली, आईनं सकाळपासून बॅग भरायला घेतलीय, गुडघ्याचे व्यायाम अर्धे राहिलेत, डॉक्टर नको म्हणतायत, पण ती ऐकत नाही. ती म्हणतेय, बाळ काहीतरी लपवतोय. चार शब्द बोलणारा माणूस अडीच महिने रोज पंधरा मिनिटं कोंबडीबद्दल बोलतोय, त्याला डॉक्टरांनी काहीतरी वाईट सांगितलं असणार. तीस वर्षं लोकांचे आवाज ऐकलेत तिनं, मला म्हणते, मी सांगते तुला, त्याच्या आवाजात रडणं आहे. उद्याच्या बसनं निघणार आहे मामा, बसनं, या असल्या पायांनी.

घड्याळजींच्या डोळ्यांसमोर ती बसची उंच पायरी आली. त्यांनी भाचीला सांगितलं, फोन तिला दे. दुकानात एक गिऱ्हाईक पट्टा बदलायला उभं होतं. त्याला त्यांनी हातानंच बाहेर जायला सांगितलं आणि दार लावलं.

“ताई, मला काही झालेलं नाही,” ते म्हणाले. “मास्तरीण गेली.”

ताईनं विचारलं, “कधी?”

“तुझ्या ऑपरेशनच्या आधी. थंडीत.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. चौदा तासांचा हिशेब सांगितला, खटका सांगितला, सकाळी जमिनीवर बसलेल्या कोंबड्यांना आपण शाबास म्हणालो तेही सांगितलं. मी मारली ताई, असं दोनदा म्हणाले. ताई मधे एकदाच बोलली, दिवा पहाटे लावायचा असतो रे. कंपाउंडर म्हणाले होते, असं घड्याळजी म्हणाले. मग का नाही लावलास? मला वाटलं तास म्हणजे तास. यावर ताईनं नाक ओढल्याचा आवाज आला.

“मला त्याच दिवशी का नाही सांगितलंस? रागावले असते. दोन दिवस बोलले नसते. पुढे काय झालं असतं?”

“पुढे तू आली नसतीस.”

हे बोलल्यावर त्यांना स्वतःलाच धक्का बसला. पण आता तोंड उघडलंच होतं. ते म्हणाले की तूच म्हणाली होतीस, मास्तरीण आहे तोवर परत यावं लागेल. गाडीत बसताना.

ताई म्हणाली, “अरे, तुझ्यासाठी परत येते असं म्हटलं असतं, तर काय म्हणाला असतास?”

घड्याळजींना उत्तर माहीत होतं. तिलाही माहीत होतं.

“म्हणून तिचं नाव पुढे केलं,” ताई म्हणाली. “तिची काही हरकत नव्हती. आता ती नाही. आता तू सांग, मी कशासाठी येऊ?”

घड्याळजींनी टेबलावरचं भिंग उचललं, खाली ठेवलं. अंडी सुरू झाली म्हणून, असं त्यांच्या जिभेवर आलं होतं. भुरी खुडूक बसलीय म्हणून, असंही आलं होतं. दोन्ही त्यांनी गिळलं.

“तू नसलीस की घर खायला उठतं मला,” ते म्हणाले. “माझं माझं काही होत नाही ताई. माझ्यासाठी ये.”

ताईनं सांगितलं की महिनाभर व्यायाम पुरे करून येते, आणि फोन ठेवला. मग ती दोन दिवस खरोखर बोलली नाही. एक वाजून दहा मिनिटांनी घड्याळजी फोनशेजारी बसायचे, तो वाजायचा नाही, आणि ते मुकाट्यानं जेवायचे. मास्तरिणीचा तेवढा हक्क होताच. तिसऱ्या दिवशी फोन आला. ताईनं विचारलं, भुरीला उचलून थंड पाण्यात बसवतोयस ना? त्याशिवाय तिचं डोकं ठिकाणावर यायचं नाही.

महिनाभरात घड्याळजींनी मागच्या तीन पायऱ्यांवर फळ्यांचा उतार करून घेतला, बाजूला धरायला लाकडी कठडा लावला. उतार किती अंशाचा हवा ते भाचीला चारदा विचारून घेतलं. कोंबड्यांनी पहिल्याच दिवशी त्यावर घाण करून ठेवली.

ठरलेल्या दिवशी भाची गाडीनं ताईला घेऊन आली. ताई काठी टेकत दुकानातून, मधल्या खोलीतून, स्वयंपाकघरातून सरळ मागच्या दाराशी गेली. कडी वाजल्याबरोबर सहाही जणी धावत आल्या आणि तिला वळसा घालून घड्याळजींच्या पायाशी गोळा झाल्या. ताई तोंडावर हात ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, बघा, ज्यांना हा डोळ्यांसमोर नको होता त्या आता मलाच ओळख दाखवेनाशा झाल्या. पण ती हसत होती. कठडा धरून ती एकटी खाली उतरली, आणि भिंतीच्या कडेला, कुणी दाखवलं नव्हतं तरी बरोबर तिथे, जाऊन उभी राहिली.

घड्याळजी तिच्यासाठी स्टूल न्यायला आत वळले तर भाची स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. आईच्या औषधांची पिशवी तिनं मांडीवर तशीच धरली होती. औषधं कधी कोणती द्यायची ते सांगायला तिनं सुरुवात केली, आणि मधेच थांबली.

“मामा, मी वर्षभर तिला म्हणत होते, राहा. रोज म्हणत होते,” ती म्हणाली. “तुम्ही एकदाच म्हणालात.”

ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर घड्याळजींना बरं वाटलं असतं. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती.

बाहेरून ताईची हाक आली, बाळ, स्टूल आण रे. भाची म्हणाली, जा मामा, ती फार वेळ उभी राहू शकत नाही. घड्याळजींनी स्टूल उचललं, दाराबाहेर जाऊन ताईला बसवलं आणि लगेच परत आले. त्यांनी भाचीच्या समोरची खुर्ची ओढली आणि ते तिच्याजवळ बसले. आता उठायचं नाही एवढं त्यांनी ठरवलं होतं. थोड्या वेळानं भाचीनं डोकं टेबलावर टेकलं, तेव्हा त्यांनी तिच्या केसांवर हात ठेवला.

परसातून ताईनं पुन्हा हाक मारली. घड्याळजी हलले नाहीत. तिनं आणखी एकदा मारली, आणि मग आतली शांतता तिला ऐकू गेली असावी, कारण त्यानंतर तिनं हाक मारली नाही.